एमआरआय नॉर्मल आला, मग कोर्टिसॉल वाढतंय कुठून?

पत्राचा सारांश: लिहिणाऱ्या ताई 37 वर्षांच्या आहेत, सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. गेल्या अडीच वर्षांत वजन 58 वरून 74 किलोवर गेलं, पण हातपाय बारीकच राहिले, वाढलं ते पोट आणि चेहरा. चेहरा गोल आणि लालसर झालाय, मानेच्या मागे उंचवटा आलाय, पोटावर रुंद जांभळे पट्टे उठलेत, जरा कुठे आपटलं की काळंनिळं पडतं, खाली बसलं की आधाराशिवाय उठता येत नाही. बीपी आणि शुगर दोन्ही सुरू झालं, पाळी अनियमित. आधी थायरॉइड तपासलं ते नॉर्मल निघालं, मग पीसीओडी म्हणून पाळीच्या गोळ्या दिल्या, मग डाएट. शेवटी पुण्यातल्या एका एंडोक्राइनॉलॉजिस्टने, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरने, तपासण्या केल्या. रात्री डेक्सामेथासोन या स्टिरॉइडची गोळी देऊन सकाळी रक्त घेतलं तर कोर्टिसॉल (शरीर स्वतः बनवतं ते स्टिरॉइड हार्मोन) दबलं नाही, 24 तासांच्या लघवीत दोन्ही वेळा जास्त आलं, कोर्टिसॉल बनवायला लावणारा हार्मोन एसीटीएच 68, पोटॅशियम 3.1. पण पिट्युटरीचा एमआरआय नॉर्मल. आता डॉक्टर म्हणतात जांघेतून नळी घालून एक तपासणी करायची आणि मग गरज पडली तर छाती-पोटाचा सीटी. नवरा म्हणतो, एमआरआय नॉर्मल आहे म्हणजे काही नाही, उगाच पैसे काढतायत. सासूबाईंनी वजन उतरवायच्या पुड्या आणून ठेवल्यात. बहीण म्हणते हे सगळं टेन्शनचं आहे, नोकरी सोड, आणि कोर्टिसॉल कमी करायच्या रील्स पाठवते. ताईंचे प्रश्न तीन: तपासण्या थांबवू का, नोकरी सोडू का, आणि हे मीच टेन्शन घेऊन ओढवून घेतलंय का?

ताई,

तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण पत्र वाचताना सारखं जाणवत होतं की बाकीचे दोन त्याच्यातूनच आलेत. नाही, तुम्ही हे ओढवून घेतलेलं नाही. टेन्शनने माणसाचं कोर्टिसॉल वाढतं हे खरं आहे, म्हणूनच तुमच्या बहिणीला ते पटतं आणि रील्सवाल्यांचंही फावतं. पण टेन्शनमध्ये वाढलेलं कोर्टिसॉल आणि तुमच्या रिपोर्टमधलं कोर्टिसॉल यांत मोठा फरक आहे. तुमच्या आजाराला कुशिंग सिंड्रोम म्हणतात, त्यात कोर्टिसॉल सतत जास्त राहतं.

घराच्या गच्चीवर पाण्याची टाकी असते, तिच्यात फ्लोट असतो, टाकी भरली की फ्लोट वर येतो आणि पाणी बंद होतं. शरीरात हे काम पिट्युटरी करते. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी ही ग्रंथी, ती एसीटीएच नावाचा हार्मोन सोडते, तो रक्तातून किडनीच्या वर बसलेल्या दोन ॲड्रिनल ग्रंथींकडे जातो आणि त्या कोर्टिसॉल बनवतात. कोर्टिसॉल पुरेसं झालं की पिट्युटरी एसीटीएच कमी करते. परीक्षा असो, घरातली भांडणं असोत, शाळेतलं इन्स्पेक्शन असो, या सगळ्यात कोर्टिसॉल थोडं वरखाली होतं पण फ्लोट शाबूत असतो, मध्यरात्री ते खाली येतंच. तुम्हाला रात्री जी 1 मिलीग्रॅम डेक्सामेथासोन दिली ती हा फ्लोट तपासायलाच होती. शरीराला वाटतं बाहेरून भरपूर स्टिरॉइड आलंय, मग ते आपलं उत्पादन बंद करतं, आणि सकाळी आठ-नऊच्या रक्तात कोर्टिसॉल 1.8 मायक्रोग्रॅमच्या खाली यायला हवं. तुमचं आलं नाही, म्हणजे कुणीतरी या फ्लोटला न जुमानता पाणी सोडतंय.

इथे एक गोष्ट आवर्जून विचारून घ्या. पीसीओडीसाठीच्या पाळीच्या गोळ्या ही तपासणी झाली तेव्हा चालू होत्या का? त्या गोळ्यांमध्ये इस्ट्रोजेन असेल तर रक्तात कोर्टिसॉलला धरून ठेवणारं प्रोटीन वाढतं आणि रक्तातला आकडा खोटा जास्त दिसू शकतो, म्हणून डॉक्टर शक्यतो सहा आठवडे आधी त्या बंद करायला सांगतात. तसंच फिटच्या काही गोळ्या किंवा टीबीचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर डेक्सामेथासोन शरीरातून लवकर निघून जातं आणि टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येते. तुमच्या बाबतीत मला याची फार काळजी वाटत नाही कारण लघवीतल्या कोर्टिसॉलवर त्या पाळीच्या गोळ्यांचा परिणाम होत नाही आणि तुमच्या लघवीतलं कोर्टिसॉल दोनदा जास्त आलंय. शिवाय डिप्रेशन, रोजचं दारूचं व्यसन, फार वाढलेली शुगर, लठ्ठपणा यांतही कोर्टिसॉल थोडंफार वाढतं हे खरं, पण त्यात बोटभर रुंद जांभळे पट्टे, जरा आपटलं की काळीनिळी पडणारी पातळ कातडी आणि उकिडवं बसलं की उठता न येणं असं सगळं एकत्र सहसा येत नाही. तुम्ही पत्रात हे तिन्ही लिहिलंय. रील्समध्ये जो सुजलेला चेहरा दाखवतात तो अपुऱ्या झोपेचा असेल, खारट खाण्याचा असेल, तुमच्या आजाराशी त्याचा संबंध नाही.

आता नवऱ्याच्या मुद्द्याकडे येते. ते जे म्हणतात ते चुकीचं असलं तरी मूर्खपणाचं नाही, बहुतेक लोकांना असंच वाटतं की फोटोत दिसलं तर आजार आहे, नाही दिसलं तर नाही. इथे नेमकं हेच गृहीत तुम्हा दोघांना अडवतंय. तुमचा आजार फोटोने ठरलेलाच नाही, तो रक्त आणि लघवीने ठरलाय. फोटो फक्त पत्ता शोधायला आहे, आणि पहिल्या दारावर पत्ता सापडला नाही एवढंच झालंय.

पत्ता कुठेकुठे असू शकतो ते सांगते. शरीराच्या आतून कोर्टिसॉल वाढणं मुळात दुर्मीळ आहे, दहा लाख लोकांत वर्षाला दोन-तीन नवे पेशंट इतकंच. त्यातल्या साधारण 70 टक्क्यांत पिट्युटरीमध्ये एक छोटी गाठ असते जी एसीटीएच सोडत राहते. 15 ते 20 टक्क्यांत गाठ थेट ॲड्रिनलमध्ये असते, ती एसीटीएचची वाट न बघता कोर्टिसॉल बनवते, आणि मग पिट्युटरी गप्प बसते, रक्तातलं एसीटीएच अगदी खाली जातं. तुमचं 68 आहे, म्हणजे ॲड्रिनलची गाठ जवळपास बाद झाली. उरलेले 10 ते 15 टक्के हे सगळ्यात चकवणारे. त्यांच्यात एसीटीएच सोडणारी गाठ पिट्युटरीत नसतेच, ती फुप्फुसात असते, छातीत थायमस ग्रंथीत असते, स्वादुपिंडात असते, कधी थायरॉइडच्या एका प्रकारच्या कॅन्सरमध्ये असते. ज्या अवयवाचं हे कामच नाही तिथून हार्मोन सुटतो.

हार्वे कुशिंग या अमेरिकन न्यूरोसर्जनने 1912 मध्ये 23 वर्षांच्या एका मुलीची अशीच लक्षणं लिहून ठेवली होती आणि 1932 मध्ये त्याचा संबंध पिट्युटरीतल्या बारीक गाठींशी जोडला. त्याच्या आधीच, 1928 मध्ये, इंग्लंडमध्ये ब्राऊन नावाच्या डॉक्टरने फुप्फुसाचा कॅन्सर असलेल्या एका बाईमध्ये हेच चित्र पाहिलं होतं, पण फुप्फुसातली गाठ एसीटीएच बनवते हे सिद्ध व्हायला 1960 चं दशक उजाडलं, ते काम ग्रँट लिडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं. हे सांगते अशासाठी की तुम्हाला निदानाला अडीच वर्षं लागली याचं दुःख तुम्ही पत्रात लिहिलंय. जगभर या आजाराच्या निदानाला दोन-तीन वर्षं जातात. तुम्ही उशीर केला नाही, तुम्ही प्रत्येक वेळी डॉक्टरकडे गेलात आणि सांगितलं ते केलंत.

तर एमआरआय. पिट्युटरीतल्या या गाठी इतक्या लहान असतात, बऱ्याचदा 6 मिलिमीटरपेक्षाही कमी, की पिट्युटरीचाच आजार असलेल्या तीस-चाळीस टक्के पेशंटमध्ये त्या एमआरआयवर नीट दिसत नाहीत. उलटही होतं, काहीही त्रास नसलेल्या दर दहा माणसांत एकाच्या पिट्युटरीत एखादा बारीक ठिपका सापडतो, ज्याचा कशाशी काही संबंध नसतो. म्हणून तुमचा नॉर्मल एमआरआय "काही नाही" असं सांगत नाही, आणि उद्या दुसऱ्या कुणी तोच एमआरआय बघून "इथे 3 मिलिमीटरचा ठिपका आहे, ऑपरेशन करून टाकू" म्हटलं तरी लगेच हो म्हणू नका. मला खरी भीती या दुसऱ्या गोष्टीची वाटते, कारण घरचे सगळे थकलेले असतात आणि ऑपरेशन म्हटलं की एकदाचं संपेल असं वाटतं. गाठ फुप्फुसात असेल आणि ऑपरेशन पिट्युटरीचं झालं तर आजार जागच्या जागी राहतो.

जांघेतून नळी घालायची तपासणी याच कारणासाठी आहे. जागा बधिर करून दोन्ही बाजूंच्या जांघेतल्या शिरांमधून बारीक नळ्या वर नेतात, थेट पिट्युटरीतून रक्त जिथे उतरतं त्या शिरांपर्यंत, आणि तिथलं व हातातलं रक्त एकाच वेळी घेतात. मग पिट्युटरीला एसीटीएच सोडायला लावणारं सीआरएच किंवा डेस्मोप्रेसिनचं इंजेक्शन देऊन पुन्हा घेतात. डोक्याजवळच्या रक्तात एसीटीएच हातातल्या रक्तापेक्षा दुप्पट किंवा जास्त असेल, इंजेक्शननंतर तिप्पट किंवा जास्त असेल, तर उगम पिट्युटरी. फरकच नसेल तर उगम बाहेर, आणि मग छाती आणि पोटाचा बारीक स्लाइसचा सीटी, गरजेप्रमाणे अशा गाठी उजळून दाखवणारा गॅलियम डोटाटेट पेट स्कॅन. फुप्फुसातल्या कार्सिनॉइड, म्हणजे हार्मोन सोडू शकणाऱ्या, गाठी एक सेंटिमीटरपेक्षाही लहान असू शकतात, साध्या एक्सरेत त्या दिसतीलच असं नाही. तुमचं पोटॅशियम 3.1 आहे, बाहेरच्या गाठींमध्ये पोटॅशियम जास्त वेळा कमी होतं, त्यामुळे डॉक्टर छातीचा विचार करतायत यात तथ्य आहे, पण तेवढ्यावरून कुणी ठामपणे सांगू शकत नाही.

या तपासणीला धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. जांघेत रक्त साकळणं, दुखणं हे होतं, मेंदूला इजा होणं फार क्वचित पण नोंदलेलं आहे, म्हणून ती जिथे नियमित होते तिथेच करा. डॉक्टरांना सरळ विचारा, इथे वर्षाला किती होतात, कोण करतं. आणखी एक विचारा, तपासणीच्या दिवसांत माझं कोर्टिसॉल वाढलेलं आहे याची खात्री करणार का? काही लोकांत हे कोर्टिसॉल लाटेसारखं येतं-जातं, उतरलेल्या काळात तपासणी केली तर उत्तर फसवं येतं. मुंबईत केईएममध्ये, वेल्लोरला सीएमसीत एंडोक्राइनॉलॉजीचे मोठे विभाग आहेत, पुण्यातल्या डॉक्टरांवर नवऱ्याचा विश्वास बसत नसेल तर असं दुसरं मत जरूर घ्या, त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही. पण दुसरं मत एंडोक्राइनॉलॉजिस्टचंच हवं, ओळखीतल्या कुठल्याही डॉक्टरचं नको. आणि नवऱ्याला सोबत घेऊन जा, आत केबिनमध्ये. तुम्ही घरी येऊन सांगितलेलं आणि त्यांनी स्वतः डॉक्टरांना प्रश्न विचारून ऐकलेलं यात फार फरक पडतो. मला पत्रावरून ते वाईट वाटले नाहीत, खर्चाला घाबरलेले वाटले.

खर्चाचं म्हणाल तर सरकारी किंवा पालिकेच्या हॉस्पिटलात बऱ्याच गोष्टी कमी पैशांत होतात. हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटून तुमच्या रेशनकार्डावर महात्मा फुले योजनेत ऑपरेशन बसतं का ते ॲडमिट व्हायच्या आधी विचारा, नंतर नाही. आणि तुम्ही जिल्हा परिषदेच्या शिक्षिका आहात, वैद्यकीय प्रतिपूर्तीला कोणती कागदं लागतात ते पंचायत समितीच्या शिक्षण विभागात आत्ताच विचारून ठेवा.

म्हणूनच नोकरी सोडू नका असं कळकळीने सांगते. बहीण प्रेमाने म्हणतेय पण नोकरी सोडून हे कोर्टिसॉल उतरणार नाही, उलट पगार, रजा, प्रतिपूर्ती सगळं हातातून जाईल. वैद्यकीय रजा घ्या. मुख्याध्यापकांना आजाराचं नाव सांगायचं की नाही हे तुमच्यावर, पण वरच्या मजल्यावरचा वर्ग बदलून खालचा मागा, जिने चढणं तुमच्या मांड्यांना आत्ता झेपणारं नाही.

सासूबाईंच्या पुड्या मात्र घरात ठेवूसुद्धा नका. त्यांचा हेतू चांगला आहे हे मान्य, त्यांना दुखवू नका, "माझ्या तपासण्या चालू आहेत, त्यात गडबड होईल" एवढं सांगा, ते खरंही आहे. नाव नसलेल्या पुड्यांमध्ये, विशेषतः सांधेदुखी आणि दम्याच्या, स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. आणि हे मी तुमच्यासारखं पत्र न लिहिता नुसतं वाचणाऱ्यांसाठीही लिहितेय. चेहरा गोल होणं, पट्टे येणं याचं सगळ्यात मोठं कारण गाठ नाहीच, बाहेरून घेतलेलं स्टिरॉइड आहे. प्रेडनिसोलोनच्या गोळ्या, सांध्यात घेतलेली इंजेक्शनं, गजकर्णावर मेडिकलमधून आणून महिनोन्महिने लावलेली मिक्स क्रीम, गोरं व्हायच्या क्रीम, या सगळ्यांतून हे होतं. तिथे एसीटीएच दबलेलं सापडतं, तुमचं दबलेलं नाही, त्यामुळे तुमचं कारण ते नाही. पण ज्यांचं आहे त्यांनी हे वाचून गोळी एकदम बंद करू नये, ॲड्रिनल झोपलेल्या असतात, अचानक बंद केलं तर बीपी कोसळून जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांकडूनच हळूहळू कमी करून घ्यावी. आणि ज्यांचं फक्त वजन वाढलंय, बाकी यातलं काहीच नाही, त्यांनी लॅबमध्ये जाऊन सकाळचं कोर्टिसॉल स्वतःहून करून घेऊ नये, सकाळी ते सगळ्यांचंच जास्त असतं, त्यातून फक्त घाबरगुंडी उडते.

तुम्ही एका ओळीत लिहिलंय की रात्री झोप लागत नाही, मुलांवर हात उगारला जातो, मग रडू येतं. त्या ओळीवर मी थांबले. इतकं कोर्टिसॉल अंगात असलं की चिडचिड, निद्रानाश, विसरभोळेपणा, खोल उदासी हे होतंच, तो तुमचा स्वभाव बदललेला नाही. मुलांना वयाप्रमाणे सांगा की आईला असा आजार झालाय ज्यात राग लवकर येतो, आणि राग आला की त्या खोलीतून उठून जायचं असं ठरवून टाका. एंडोक्राइनॉलॉजिस्टला ही गोष्ट शुगरइतक्याच गंभीरपणे सांगा. जगू नये असं वाटायला लागलं तर पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबायचं नाही, त्याच दिवशी घरात सांगायचं, डॉक्टरांना फोन करायचा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो.

तपासण्यांना काही आठवडे लागतील, तोवर काही गोष्टी थांबून चालणार नाहीत. एका पायाला सूज आणि दुखणं, किंवा अचानक दम लागणं, म्हणजे रक्ताची गुठळी असू शकते, या आजारात तिचा धोका जास्त असतो. ताप आला, अगदी कमी आला तरी दाखवा, कारण कोर्टिसॉल तापाला आणि दुखण्याला झाकून टाकतं, आत इन्फेक्शन मोठं असूनही बाहेरून कमी वाटतं. पाय एकदम लुळे वाटले, छातीत धडधड झाली तर पोटॅशियम बघायला हवं. हाडं ठिसूळ होतात, पाण्याची कळशी, गॅसचा सिलिंडर उचलू नका, पाठीत अचानक कळ आली तर ती चमक समजून मालिश करत बसू नका. आणि तपासण्या लांबणार असतील तर कोर्टिसॉल तात्पुरतं खाली आणायची औषधं असतात, केटोकोनॅझोल, मेटिरॅपोन अशी, ती सुरू करायची का ते विचारा, पण नळीच्या तपासणीवर त्यांचा परिणाम होतो म्हणून क्रम डॉक्टरांनाच ठरवू दे.

कॅन्सर का, हे तुम्ही लिहिलं नाहीत पण मनात असणारच. पिट्युटरीतली गाठ जवळपास कधीच कॅन्सरची नसते, नाकातून दुर्बिणीने काढतात, अनुभवी हातात दहापैकी साधारण आठ जणांचं कोर्टिसॉल त्यातून ताब्यात येतं. फुप्फुसातली कार्सिनॉइड सहसा हळू वाढणारी असते, तरी आजूबाजूच्या लसिकाग्रंथींत जाऊ शकते म्हणून त्या भागासकट काढतात. फुप्फुसाचा वेगाने वाढणारा स्मॉल सेल कॅन्सरही एसीटीएच सोडतो, पण त्यात माणूस काही आठवड्यांत किंवा महिन्यांत खंगतो, अडीच वर्षांची तुमची गोष्ट तशी दिसत नाही. कधीकधी सगळे स्कॅन करूनही गाठ सापडत नाही, तेव्हा औषधांवर ठेवून काही महिन्यांनी पुन्हा शोधतात, आणि अगदीच गरज पडली तर दोन्ही ॲड्रिनल काढून आयुष्यभर गोळ्यांवर राहता येतं.

ऑपरेशननंतरचं आत्ताच सांगून ठेवते कारण बऱ्याच जणांना ते कुणी सांगत नाही. गाठ निघाली की तुमची स्वतःची पिट्युटरी लगेच जागी होत नाही, सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. तोवर हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या घ्याव्या लागतात. त्या काळात अंग दुखतं, सांधे दुखतात, कातडी सोलवटते, थकवा आधीपेक्षा जास्त वाटतो, आणि घरचे म्हणतात की ऑपरेशन फेल गेलं. तसं नसतं. पण या गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत, ताप आला तर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे डोस वाढवायचा, उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शनसाठी तडक हॉस्पिटल, आणि पर्समध्ये "मी स्टिरॉइडवर आहे" अशी चिठ्ठी मराठीत आणि इंग्रजीत कायम ठेवायची.

पुढच्या भेटीला जाताना सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या, एमआरआयची सीडी घ्या, नुसता कागद नको, पाळीच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट न्या, आणि तीन वर्षांपूर्वीचा एखादा फोटो न्या, शाळेच्या स्नेहसंमेलनातला असेल तरी चालेल. चेहरा किती बदललाय हे डॉक्टरांना आणि तुमच्या नवऱ्यालाही एका नजरेत कळेल.